रॉक गिटार : गोंगाट कीं साधना ?

रॉक गिटारविषयीं आपल्याकडे दोन मतें प्रचलित आहेत. वडील मंडळी म्हणतात कीं, हा निव्वळ गोंगाट; यांत साधना ती कसली ? आमचे विद्यार्थिबंधू म्हणतात कीं, भारी किंमतीची गिटार आणि मोठा अँप्लिफायर मिळाला म्हणजे चार महिन्यांत आपण रंगमंच गाजवूं. हीं दोन्ही मतें वरवर परस्परविरुद्ध दिसलीं, तरी त्यांच्या मुळाशीं एकच गैरसमज आहे. तो हा कीं, जें वाद्य मोठ्यानें वाजतें तें सोपें असतें. प्रस्तुत लेखकाचें मत नेमकें याच्या उलट आहे.

साध्या गिटारींत तारेचा नाद पोकळ लाकडी पेटीमुळें वाढतो. रॉक गिटारींत तें काम विजेकडे असतें. तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार थरथरली कीं त्या वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि अँप्लिफायर तो वाढवून कर्ण्याकडे धाडतो. अँप्लिफायरला त्याच्या शक्तीपलीकडे ताणिलें म्हणजे नाद करकरीत व भरदार होतो. यासच डिस्टॉर्शन म्हणतात, व तो रॉक संगीताचा जणूं प्राणच होय. परंतु या क्रियेंत लहान आणि मोठ्या आवाजांतील अंतर कमी होतें. मग नकळत स्पर्श झालेली शेजारची तारही मुख्य स्वराच्या बरोबरीनें ओरडूं लागते. साध्या गिटारीवर जो दोष कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं, तो येथें सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकूं जातो. म्हणून एक तार वाजवीत असतां उरलेल्या ५ तारा गप्प ठेवणें हें या विद्येचें अर्धें अंग आहे. उजव्या तळहाताची कड जाड तारांवर टेकवावी आणि डाव्या हाताच्या बोटांनीं बारीक तारांस अलगद स्पर्श करून त्यांस आवरावें, हें शिकण्यास महिनेच्या महिने लागतात. ज्यास मौन राखतां येत नाहीं, त्याचें वादन खरोखरीच गोंगाट ठरतें. पण तो दोष वाद्याचा नव्हे.

साधनांची सबब तर मुळींच टिकत नाहीं. ज्या क्वीन या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पांचगणीस शिकला, त्याच वृंदाचा गिटारवादक ब्रायन मे यास लहानपणीं हवी ती गिटार परवडत नव्हती. १९६३ सालीं, वयाच्या १६ व्या वर्षीं, त्यानें वडिलांच्या मदतीनें ती घरींच करावयास घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लांकूड आणि मोटारसायकलच्या स्प्रिंगा यांतून ती सिद्ध झाली, व पुढें तीच जगभर गाजली. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी याची कथा याहूनही बोलकी आहे. हा डावखुरा. १९६५ सालीं पत्र्याच्या कारखान्यांत त्याच्या उजव्या हाताच्या, म्हणजे तारा दाबण्याच्या हाताच्या, दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. त्यानें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, त्यांवर चामडें चिकटविलें, हलक्या तारा लाविल्या, आणि हात पुन्हां पहिल्यापासून घडविला. हें वाचल्यावर तरी ‘गिटारच चांगली नाहीं’ म्हणणाऱ्यांनीं ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आठवावी.

सरावाची रीत साधी आहे; ती पाळणें मात्र कठीण. गाण्याचा एक लहान तुकडा घ्यावा. मेट्रोनोम मिनिटास ६० ठोक्यांवर ठेवावा. तुकडा सलग ५ वेळां निर्दोष वाजला तरच ४ ठोके वाढवावे. चुकला तर मागें यावें. कारण हात जें वारंवार करितो तेंच शिकतो, आणि घाईंत गिरविलेली चूकही तितकीच पक्की होते. रोज २० मिनिटें बसणें हें रविवारीं एकदम ३ तास बसण्यापेक्षां हितकर. मधून मधून आपलें वादन मोबाइलवर मुद्रित करून ऐकावें. वाजवितांना लपलेले दोष तेव्हां उघडे पडतात. आरंभीं बोटें फार दुखतात. कांहीं आठवड्यांनीं त्यांवर घट्टे पडतात आणि वेदना ओसरते; परंतु पुष्कळांची गिटार त्यापूर्वींच कपाटावर चढलेली असते !

वडीलधाऱ्यांस एवढीच विनंति कीं, त्यांनीं आवाजाबरोबर त्यामागचे श्रमही ऐकावे. अभ्यास बुडेल ही त्यांची भीति रास्त आहे. तथापि वर सांगितलेल्या ब्रायन मे यानें संगीतासाठीं अर्धवट सोडलेला खगोलशास्त्राचा प्रबंध २००७ सालीं पुरा करून डॉक्टरेट मिळविली. चिकाटी एकदां अंगीं बाणली म्हणजे ती एकाच विषयापुरती राहत नाहीं. आणि बंधुभगिनींनो, तुम्हांस सांगणें इतकेंच कीं, आवाजाची कळ फिरविण्यास क्षणही लागत नाहीं, पण त्या आवाजास लायक असा हात घडविण्यास वर्षें लागतात. तीं द्यावयाची तयारी असेल, तरच गिटार हातीं धरा.