गाऊनवर ओढणी

मे महिन्यात आपल्या मालवणात दोरीवरचे कपडे वाळतात, पण अंगावरचा घाम काही वाळत नाही! अशा दमट हवेत साडी, आत परकर आणि कमरेला करकचून बांधलेली नाडी. मग रात्रीचा सुती गाऊन सकाळीही अंगावर राहिला तर नवल काय? वर ओढणी नाहीतर टॉवेल टाकला की मासळीबाजार, वाणी, पोरांना एसटीपर्यंत सोडणं, सगळं त्यातच उरकतं. शेजारच्या काकी म्हणतात, "उकाडो काय कमी आसा गो?"

पण बाईने सोय पाहिली की गाव जागं होतं. २०१४ साली नवी मुंबईच्या गोठिवलीत दिवसा गाऊनवर बाहेर पडल्यास ५०० रुपये दंड, असा फतवा निघाला. काढला कुणी? तिथल्या महिला मंडळानेच! २०१८ मध्ये आंध्रातल्या तोकलापल्लीत तर सकाळी सात ते संध्याकाळी सात बंदी, दंड २००० आणि चुगली करणाऱ्याला १००० बक्षीस.

बनियन-लुंगीवर नाक्यावर पेपर वाचणाऱ्यांना कुणी पावती फाडल्याचं ऐकलंय?

बँकेत गाऊन घालून जाणं मलाही रुचत नाही, पातळ सिंथेटिक तर नाहीच. पण गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणाऱ्या कपड्यावर, ऐन उकाड्यात, आणखी ओढणी कशासाठी? त्यापेक्षा शिंप्याकडून एक खिसा लावून घ्या. किल्ली आणि सुटे पैसे तरी राहतील.