‘तारण’ कशाने होते? एका वाक्याने तुटलेली मैत्री

गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. त्याचा एक ख्रिस्ती मित्र लहानपणापासून घरी येणारा, ईदला हक्काने शीरखुर्मा मागून घेणारा. एके दिवशी बोलता बोलता मुलगा त्याला म्हणाला, “तुमचं बरं आहे. काहीही गुनाह करा, येशूने आधीच भरपाई करून ठेवलीय!” मित्र काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने घरी येणे बंद केले. भगिनी विचारतात, “मुलगा खोटं बोलला का? आम्हीही घरात असंच म्हणत आलोय.”

पत्र वाचून आम्हाला थोडी लाज वाटली. हे वाक्य आम्हीही बैठकीत ऐकले आहे आणि ऐकून गप्प बसलो आहोत. म्हणून या वेळी ख्रिस्ती लोक नेमके काय मानतात ते पाहू.

मराठी ख्रिस्ती बांधवांचा यासाठीचा शब्द आहे ‘तारण’. आपल्याला तो ऐकला की बँकेतले गहाण आठवते. त्यांच्याकडे त्याचा अर्थ तारून नेणे, वाचवणे. त्यांची शिकवण थोडक्यात अशी: पहिल्या मानवाच्या अवज्ञेपासून माणूस पापाच्या पकडीत आहे, स्वतःच्या बळावर तो त्यातून सुटू शकत नाही. म्हणून देवाने येशू ख्रिस्ताच्या रूपाने स्वतः पुढाकार घेतला. येशूंचे वधस्तंभावरील मरण आणि तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान यांमुळे माणसाला क्षमा मिळते. ही क्षमा कमावता येत नाही, ती दान म्हणून मिळते. तिला ते ‘कृपा’ म्हणतात आणि ती विश्वासाने स्वीकारायची असते.

मग सत्कर्मांचे काय? आपल्या मुलाने जे टोमणा म्हणून फेकले, त्याच प्रश्नावर ख्रिस्ती लोक आपापसांत शेकडो वर्षे भांडले आहेत. बायबलच्या नव्या करारात संत पौल रोमकरांना लिहितात की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो. त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र बजावते की कर्मांशिवायचा विश्वास निर्जीव आहे.

१५१७ साली जर्मनीत हा वाद पेटला. रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी पैसा हवा होता आणि त्यासाठी चर्चचे लोक शिक्षामाफीची पत्रे देऊन रकमा गोळा करत होते. चर्चच्या शिकवणीनुसार अशा पत्राने पाप माफ होत नसे, पापाची उरलेली शिक्षा तेवढी कमी होई. पण साध्या लोकांची समजूत झाली की पैसे टाकले की सुटका. विटेनबर्गचे प्राध्यापक मार्टिन ल्यूथर यांनी याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पुढे त्यांनी सांगितले की माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. पण ल्यूथर यांनीही पापाची मोकळीक दिली नाही. सत्कर्म हे झाडाचे मूळ नसून फळ आहे आणि खरा विश्वास असेल तर ते येणारच, असे त्यांचे म्हणणे.

कॅथलिक चर्चने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिले. कृपेशिवाय, केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, हे त्यांनीही ठामपणे सांगितले. मात्र कृपेला माणसाने साथ दिली पाहिजे, विश्वास प्रेमातून कामाला लागला पाहिजे, आणि गंभीर पाप केले तर ती कृपा गमावली जाते, असे त्यांनी मांडले. म्हणूनच कॅथलिक माणूस धर्मगुरूंपुढे जाऊन पापांची कबुली देतो, पश्चात्ताप करतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्याच आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण मुख्य गाभ्यावर एकमत जाहीर झाले: देव स्वीकारतो तो कृपेने, आणि ती कृपा माणसाला सत्कर्माला लावते.

आता सांगा, “काहीही करा, भरपाई झालीय,” हे यांपैकी कोणी म्हटले?

याचा अर्थ आपल्यात आणि त्यांच्यात फरक नाही असा नव्हे. फरक मोठा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. हजरत आदम (अ.) यांनी तौबा केली आणि अल्लाहने ती कबूल केली, त्यांच्या चुकीचे ओझे कोणत्याही बाळाच्या डोक्यावर नाही. कुरआन वारंवार सांगतो की कोणी दुसऱ्याचा भार उचलणार नाही. हजरत ईसा (अ.) आपल्याला अत्यंत आदरणीय आहेत, अल्लाहचे पैगंबर आहेत; पण त्यांना सुळावर चढवले गेले हे कुरआन नाकारतो. बंदा आणि अल्लाह यांच्यात तौबेचा दरवाजा थेट उघडा आहे.

पण एक गोष्ट आपल्याच घरातली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की कोणालाही त्याचे अमल वाचवणार नाहीत. सहाबांनी विचारले, आपल्यालाही नाही? पैगंबर (स.) यांनी सांगितले की मलाही नाही, अल्लाहने आपल्या रहमतीने झाकून घेतले तरच. आपल्याकडेही ईमान आणि अमल यांच्या नात्यावर वाद झाले. मोठा गुनाह करणाऱ्याला खारिजींनी ईमानाबाहेर काढले, तर मुर्जिआंनी अमलाला ईमानापासून वेगळे केले. आणि आज? “शेवटी कलमा पढणारे आहोत, जन्नतीत जाणारच,” असे म्हणत व्याजाचा व्यवहार करणारा, बहिणीचा वारसाहक्क दाबणारा आपल्या ओळखीत कोणी नाही का? जो टोमणा मुलाने मित्राला मारला, तो आधी आपल्याच दारात येऊन पडतो.

भगिनी, तुमचा मुलगा मुद्दाम खोटे बोलला नाही, ऐकलेले बोलला. पण ऐकले ते आपल्याकडून, म्हणून दुरुस्तीही आपणच करावी. ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच बोला, हा कुरआनचा आदेश त्याला समजावून सांगा. मग त्याला मित्राच्या घरी पाठवा, जमल्यास स्वतः सोबत जा. त्याने सरळ सांगावे, “मी तुझ्या धर्माबद्दल चुकीचं बोललो, माफ कर. तुम्ही काय मानता ते तूच सांग.” मित्र सांगेल ते पूर्ण ऐकून घ्यावे आणि त्याने विचारले, तर आपले म्हणणे नम्रपणे मांडावे. पटणे न पटणे पुढची गोष्ट.

अल्लाह आपल्या जिभांना इन्साफ देवो आणि आपल्या अमलांवर नव्हे, त्याच्या रहमतीवर भरवसा ठेवून अमल करत राहण्याची तौफीक देवो. आमीन.