अजून पिकायला हवं!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरचंच आहे, त्यामुळे नातेवाईक मंडळींनी जरा सांभाळून घ्यावं.

आमची चिऊ, म्हणजे माझी भाची, जर्मनीत शिकते आणि अभ्यासातून वेळ काढून चेलो वाजवते. तीन महिन्यांपूर्वी तिने फोनवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं. ती आणि चार मित्रमैत्रिणी, शूबर्टच्या 'ट्राउट' पंचकाचा चौथा भाग. मी ऐकलं आणि लगेच उत्तर धाडलं : "छान! पण घाई होतेय. अजून पिकायला हवं. आणि शेवटी कुणीतरी हसलंय, ते कापायला हवं होतं."

तिने एक अंगठा पाठवला. त्यानंतर काही नाही.

परवा ताईशी फोनवर बोलताना विषय निघाला. ताई म्हणाली, "ती वाजवतेय की. परवाच एक पाठवलं आम्हाला. तुझ्याबद्दल म्हणाली, मामाला पिकल्यावर पाठवीन."

लागलं. खोटं कशाला बोलू!

'पिकायला हवं' हे वाक्य आमच्या पिढीच्या तोंडात बसलेलं आहे. मैफिलीतून उठताना चप्पल शोधता शोधता आपण ते म्हणतो. तरुण गायकाचा ख्याल असो की तरुण चौकडीचं बेथोव्हन, निकाल तयारच असतो. हा निकाल चुकीचा आहे असं मला आता वाटायला लागलंय. निदान चेंबर म्युझिकच्या बाबतीत तरी नक्कीच. (चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी, कंडक्टरशिवाय, एकमेकांकडे बघत वाजवायचं संगीत. मुळात दिवाणखान्यात वाजवायचं.)

आता हेच 'ट्राउट' घ्या. 1819 साली स्टायर गावच्या एका हौशी चेलोवादकाच्या आग्रहावरून शूबर्टने ते लिहिलं, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. म्हणजे चिऊच्याच वयाचा. मेंडेल्सोनने तंतुवाद्यांचं अष्टक 1825 साली लिहिलं, सोळाव्या वर्षी. लिहिणारा पोरगा चालतो, मग वाजवणारा का चालत नाही? आणि ज्याला आपण 'पिकलेला' शूबर्ट म्हणतो, ते दोन चेलोंचं पंचक 1828 मधलं. तेव्हा तो 31 वर्षांचा होता आणि त्याच वर्षी गेला. पिकण्याची वाट बघत बसला असता तर?

'ट्राउट'ची एक फिल्म आहे, क्रिस्टोफर न्यूपेन यांनी केलेली. ऑगस्ट 1969, लंडनचा क्वीन एलिझाबेथ हॉल. पियानोवर डॅनियल बॅरनबॉइम (26), व्हायोलिनवर इट्झाक पर्लमन (23), व्हिओलावर पिंकस झुकरमन (21), चेलोवर जॅकलीन द्यु प्रे (24). आणि डबल बासवर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता, सगळ्यांत थोरले, वय 33! कंडक्टर म्हणून नाव झालेला माणूस इथे कोपऱ्यात उभा राहून बास वाजवतो. वाजवण्याआधी ही मंडळी एकमेकांची वाद्यं घेऊन नुसता दंगा करत असतात. मग मंचावर जातात आणि तीच मस्ती सुरांत उतरते. ताईशी बोलल्यावर ही फिल्म मी पुन्हा पाहिली. ही मंडळी अजून पिकायला हवी होती, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरी बाजू आहेच. अमाडेउस क्वार्टेटचे तेच चार वादक जवळजवळ चाळीस वर्षं एकत्र वाजवत होते. इतक्या वर्षांनी एकमेकांचा श्वास ऐकू येत असेल. ते बाविसाव्या वर्षी मिळत नाही, मान्य. तरुणांच्या ध्वनिमुद्रणात घाई असते आणि प्रत्येकाला आपलं वाद्य ऐकू जायला हवं असतं, हेही मान्य. पण म्हातारपणचं ध्वनिमुद्रण हे तरुणपणच्या ध्वनिमुद्रणाची सुधारून वाढवलेली आवृत्ती नसते. ते वेगळंच पुस्तक असतं. पहिलं छापलंच नाही तर ते कायमचं गेलं.

द्यु प्रेचंच बघा. 1973 मध्ये तिला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं, तेव्हा ती 28 वर्षांची होती. बोटांनी साथ सोडली होती. त्यानंतर ती चौदा वर्षं जगली, 1987 मध्ये गेली, पण वाजवणं संपलं होतं. तिच्या बाबतीत 'पिकल्यावर' हा काळ आलाच नाही. आज आपल्याकडे तिचं जे काही आहे, ते सगळं तरुणपणचं आहे. "इतक्यात कशाला रेकॉर्डिंग?" असं म्हणणारा माझ्यासारखा एखादा मामा तिला भेटला असता आणि तिने ते ऐकलं असतं, तर आपल्या हाती काय उरलं असतं?

काल रात्री चिऊचं ध्वनिमुद्रण परत लावलं. या वेळी खोडरबर बाजूला ठेवून. तिसऱ्या बदलात पियानो धावतो आणि खालून चेलो-बास गाणं धरून ठेवतात, तिथे घाई आहेच. पण पाचव्या बदलात चेलो पुढे येतो ना, तिथे पोरीने असा काही सूर लावलाय की मी खुर्चीत सावरून बसलो. पहिल्या वेळी हे मला ऐकूच आलं नव्हतं. मी चुका मोजत होतो.

आणि शेवटचं ते हसू. ते चिऊचंच आहे. लहानपणी लपाछपीत सापडली की अशीच हसायची.

असो. ताई, तिला हे वाचून दाखव. आणि चिऊ, तू वाचत असलीस तर पुढचं जे वाजवाल ते मलाही पाठव. कच्चं असेल तसंच. हसू कापू नकोस.