घाऊक खरेदी कोणाच्या मालकीची?

अमेरिकेतील ‘ट्रू व्हॅल्यू’ या हार्डवेअरच्या घाऊक व्यापारातील जुन्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाचा आश्रय घेतला. तिच्याकडून माल घेणारी सुमारे साडेचार हजार दुकाने त्या देशात व इतरत्र पसरलेली होती. कंपनी बुडाली म्हणजे दुकानेही बुडाली, असा समज होणे स्वाभाविक होते. वस्तुस्थिती निराळी होती. दुकाने ज्याच्या त्याच्या स्वतंत्र मालकीची होती आणि ती चालूच राहिली. दिवाळे निघाले ते त्यांना माल पुरविणाऱ्या कंपनीचे. पुढच्याच महिन्यात या कंपनीचा कारभार १५ कोटी ३० लाख डॉलरना ‘डू इट बेस्ट’ या संस्थेने विकत घेतला. ही संस्था म्हणजे हार्डवेअरच्या दुकानदारांनीच चालविलेली सहकारी संस्था होय.

दूरदेशीच्या या घटनेची दखल आपण का घ्यावी? मोठी साखळी दुकाने आणि कोपऱ्यावरचे छोटे दुकान यांच्यातील स्पर्धेचा विषय निघाला, की आपल्याकडे चर्चा चटकन भावनेच्या पातळीवर जाते. २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुविध मालाच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय भांडवलास सशर्त परवानगी दिली, तेव्हा हेच घडले. एका पक्षाला छोटा दुकानदार हा समाजाचा आधारस्तंभ वाटला, तर दुसऱ्याला तो ग्राहकाला नाडणारा मध्यस्थ वाटला. या दोन्ही भूमिकांत मूळ आर्थिक प्रश्न बाजूला राहिला. छोट्या दुकानाचे भवितव्य त्याच्या आकारावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक त्याच्या घाऊक खरेदीची मालकी कोणाकडे आहे यावर अवलंबून असते. अमेरिकेतील हार्डवेअरच्या व्यापाराचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

स्वस्ताई कोठून येते?

‘होम डेपो’ ही या व्यवसायातील जगातील सर्वांत मोठी साखळी १९७८ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली दुकाने १९७९ मध्ये अटलांटा शहरात उघडली. आज तिची अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या देशांत मिळून दोन हजार तीनशेहून अधिक दुकाने आहेत. एकेक दुकान सरासरी लाखभर चौरस फुटांचे असते आणि कंपनीची वार्षिक विक्री सुमारे १६ हजार कोटी डॉलरच्या घरात आहे. तिच्या खालोखाल असलेली ‘लोज’ ही साखळी मुळात १९२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका लहान गावात निघालेले साधे हार्डवेअरचे दुकान होती, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या दुकानांतील स्वस्ताईची उगमस्थाने तीन आहेत. पहिले असे, की दुकान आणि गोदाम एकच असल्याने मालाची हाताळणी व वाहतूक यांचा एक टप्पा वाचतो. ही खरीखुरी बचत होय. दुसरे असे, की प्रचंड प्रमाणावर खरेदी करणारा गिऱ्हाईक कारखानदाराकडून हवा तो भाव मिळवू शकतो. यातील काही भाग कार्यक्षमतेचा, तर काही भाग निव्वळ सौदाशक्तीचा असतो. अशा सौदाशक्तीला आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९३६ मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा केला. एकच माल निरनिराळ्या व्यापाऱ्यांना निरनिराळ्या भावाने विकून स्पर्धा मारू नये, हा त्याचा हेतू. परंतु १९८० नंतर त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली आणि महाकाय दुकानांची झपाट्याने वाढही त्याच काळातली आहे.

तिसरे उगमस्थान सहसा कोणी मोजत नाही. ते म्हणजे ग्राहकाचे स्वतःचे श्रम. गावाबाहेरच्या दुकानापर्यंत मोटार घेऊन जाणे, लाखभर चौरस फुटांत हवी ती वस्तू शोधणे, ती गाडीत चढविणे, घरी आणणे आणि बहुतेक वेळा स्वतःच बसविणे, ही कामे ग्राहक बिनमोल करतो. वस्तूच्या चिठ्ठीवर छापलेल्या किमतीत या श्रमाचा आणि वेळेचा समावेश नसतो. संपूर्ण घराची फरशी बदलायची असेल, तर हा हिशेब ग्राहकाच्या फायद्याचा ठरतो. नळाचा एक वायसर किंवा दाराची एक बिजागरी आणायची असेल, तर तोच हिशेब आतबट्ट्याचा होतो. म्हणूनच दोन्ही प्रकारच्या दुकानांना स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे. अडचण एवढीच, की केवळ वायसर आणि बिजागऱ्या विकून दुकानाचे भाडे निघत नाही. छोट्या दुकानाला टिकायचे, तर रंग, पाईप, अवजारे या मोठ्या उलाढालीच्या मालातही भावाचा फरक आटोक्यात ठेवावा लागतो.

छोटी दुकाने टिकली कशी?

हे काम अमेरिकेत दुकानदारांच्या सहकारी घाऊक संस्थांनी केले. ‘एस हार्डवेअर’ची सुरुवात १९२४ मध्ये शिकागोच्या काही दुकानदारांनी एकत्र खरेदी करण्यासाठी केली; १९७० च्या दशकात ती पूर्णपणे सभासद दुकानदारांच्या मालकीची झाली. आज तिच्या छत्राखाली पाच हजारांहून अधिक दुकाने आहेत. ‘डू इट बेस्ट’चा उगम इंडियाना राज्यात १९४५ मध्ये झाला. या संस्थांची रचना साधी आहे. दुकानदार भाग विकत घेऊन सभासद होतो आणि आपला बहुतांश माल संस्थेकडून घेतो. वर्षाअखेर जे आधिक्य उरते, ते त्याने किती माल उचलला त्या प्रमाणात त्याला परत मिळते. त्याचे दुकान मात्र त्याचेच राहते. नोकर कोण ठेवावा, उधारी कोणाला द्यावी, कोणता माल पुढे मांडावा, हे तोच ठरवितो. छोटेपणाचे गुण, म्हणजे जवळीक, ओळख, मालाची माहिती आणि सुटा एक नग देण्याची तयारी, हे दुकानात राहतात आणि मोठेपणाचे लाभ गोदामात मिळतात.

‘ट्रू व्हॅल्यू’चा इतिहास या रचनेची दुसरी बाजू दाखवितो. १९४८ मध्ये निघालेली ही संस्थाही दीर्घकाळ सभासद दुकानदारांच्या मालकीची होती. १९९७ मध्ये तिने दुसऱ्या एका तशाच संस्थेशी विलीनीकरण केले. त्यातून उद्भवलेल्या गोंधळात १९९९ साली तिला जबर तोटा झाला आणि सभासदांचे भांडवल अडकून पडले. सहकारी रचना म्हणजे सुव्यवस्थापनाची हमी नव्हे, हा यातील पहिला धडा. पुढे २०१८ मध्ये सभासदांनी सत्तर टक्के मालकी एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे अडकलेले पैसे रोख हाती येत होते. तेव्हा त्या निर्णयाला दोष देणे सोपे नाही. पण त्या दिवसापासून दुकानदार घाऊक व्यवसायाचा मालक न राहता प्रामुख्याने त्याचे गिऱ्हाईक बनला. सहा वर्षांनी कंपनी कोसळली. मंदावलेली घरबांधणी आणि चढे व्याजदर यांचाही त्यात वाटा होता. तथापि त्याच मंदीत, त्याच व्याजदरांना तोंड देत, दुकानदारांच्या मालकीची संस्था ती विकत घेण्याइतकी समर्थ राहिली, ही वस्तुस्थिती बोलकी आहे.

आपल्याकडील समाधान कितपत खरे?

आपल्या हार्डवेअर व्यापाऱ्यांना अशा साखळी दुकानांची धास्ती वाटत नाही, आणि त्याला कारणही आहे. ‘होम डेपो’ने २००६ मध्ये चीनमधील बारा दुकाने विकत घेऊन त्या देशात प्रवेश केला, २०१२ मध्ये उरलेली सात बंद करून मोठ्या दुकानांचा तो प्रयोग आटोपता घेतला. चिनी घरमालक हातात पाना घेऊन स्वतः काम करीत नाही, तो कारागीर बोलावतो, हे त्या अपयशाचे प्रमुख कारण होते. आपल्याकडेही परिस्थिती तीच आहे. पाईप कोणता घ्यावा हे प्लंबर ठरवितो, प्लायवूड कोणते हे सुतार ठरवितो, आणि दुकानदाराचे खरे नाते त्यांच्याशी असते. त्या नात्यात उधारी असते आणि बहुधा कमिशनही असते. ग्राहक ज्याला मिस्त्रीचा सल्ला समजतो, त्याची किंमत अनेकदा त्याच्याच बिलात मिळविलेली असते.

या समाधानात दोन उणिवा आहेत. पहिली ही, की स्पर्धा दरवेळी त्याच वेषात येत नाही. ‘होम डेपो’नेच २०२४ मध्ये छप्पर, बागकाम आदी क्षेत्रांतील कंत्राटदारांना माल पुरविणारी ‘एसआरएस’ ही कंपनी कर्जासह सुमारे १८२५ कोटी डॉलरना घेतली. म्हणजे कंत्राटदाराशी असलेले नाते ही छोट्या दुकानाची तटबंदी अभेद्य राहिलेली नाही. आपल्याकडे ऑनलाइन विक्रीमुळे नळ, दिवे, कुलुपे, हत्यारे यांचे भाव आता प्रत्येक ग्राहकाच्या हातातल्या फोनवर दिसतात. दुसरी उणीव ग्राहकाच्या बाजूची आहे. छापील दर एक आणि प्रत्यक्ष दर दुसरा, बिल मागितले की भाव वाढणार, नामांकित मालाच्या नावाखाली नक्कल, परत घेण्यास नकार, या तक्रारी निराधार नाहीत. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या पगारदार माणसाला या व्यवहारात संरक्षण कमी मिळते. छोटे दुकान वाचविण्याची हाक त्याला द्यायची, तर त्याच्या पदरात काय पडणार याचे उत्तर असले पाहिजे.

सहकाराच्या भूमीत

ते उत्तर महाराष्ट्राला अपरिचित नाही. खाजगी कारखान्यापुढे एकटा ऊस उत्पादक दुबळा ठरतो, हे ओळखून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभारला, त्याला आता पाऊणशे वर्षे होत आली. ग्राहकांच्या बाजूने मुंबईत ‘अपना बाजार’सारखी संस्था १९४८ पासून उभी राहिली. उत्पादक संघटित झाला, काही प्रमाणात ग्राहकही झाला. या दोहोंच्या मधला छोटा दुकानदार मात्र बहुतांशी एकटाच राहिला. व्यापारी संघटना गावोगाव आहेत. परंतु त्यांचे काम कर, परवाने आणि बंदचे आवाहन यांपलीकडे क्वचितच जाते. एकत्र खरेदी हा त्यांचा विषय सहसा नसतो.

तो व्हावयास हवा, आणि आज त्यासाठी परिस्थिती पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून राज्याराज्यांच्या सीमेवरील करांचा अडसर गेला आणि सामाईक गोदाम कोठे उभारावे हे व्यापाराच्या सोयीने ठरविता येते. एका जिल्ह्यातील चाळीस-पन्नास दुकानदारांनी १९६० च्या सहकार कायद्याखाली संस्था काढून प्रारंभी खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, पाईप असा मोजकाच प्रमाणित माल एकत्र घ्यावा. दुकानदाराचे खेळते भांडवल वितरकाच्या किमान मागणीच्या अटीत गुंतते. सामाईक साठ्यामुळे ते मोकळे होईल. मात्र ग्राहकाच्या वतीने तीन अटी घालाव्या लागतील. सभासद दुकानात प्रत्येक विक्रीला पक्के बिल मिळावे, माल मानक चिन्हांकित असावा आणि सदोष वस्तू कोणत्याही सभासद दुकानात परत घेतली जावी.

अडचणी उघड आहेत. शेजारचा दुकानदार हा प्रतिस्पर्धी असतो; आपला खरेदीचा भाव त्याला कळावा हे कोणालाच रुचत नाही. उधारीची सवय संस्थेत शिरली तर संस्था वर्षभरही टिकणार नाही; म्हणून संस्थेचा व्यवहार रोखीचाच असला पाहिजे. शिवाय सहकारात राजकारण शिरल्यावर काय होते, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. पण येथे एक स्वाभाविक लगाम आहे. संस्थेने महाग किंवा निकृष्ट माल आणला, तर सभासदाला त्याचा चटका त्याच आठवड्यात आपल्या गल्ल्यावर बसतो. लक्ष ठेवण्याची प्रेरणा याहून प्रबळ दुसरी नसेल.

छोटे दुकान गेले तर स्वस्त माल मिळेल, मग बिघडले कोठे, असे विचारणाऱ्यास एवढेच सांगावेसे वाटते, की स्वस्ताई ही स्पर्धेची देणगी असते. स्पर्धक उरेपर्यंतच ती मिळते. तो स्पर्धक भावनेच्या किंवा बंदीच्या जोरावर फार काळ जगत नाही. त्याच्या पाठीशी स्वतःच्या मालकीचे गोदाम असावे लागते.