प्रकाशाची किल्ली

२१ एप्रिल २००४ रोजी व्हिएन्नाच्या नगरभवनातून एका बँकेकडे रक्कम पाठविण्याचा आदेश गेला. त्याची गुप्त किल्ली जमिनीखालील काचतंतूतून जाणाऱ्या प्रकाशकणांनी घडविली होती. हा प्रयोग आंतोन त्साइलिंगर यांच्या चमूचा. तिजोरीच्या किल्लीचा ठसा कोणी घेतला, तर मालकाला कळत नाही. येथे मात्र प्रकाशकण चोरून मोजताच त्याची अवस्था बदलते. दोन्हीकडच्या नोंदी ताडताना तफावत दिसते आणि ती किल्ली व्यवहारापूर्वीच टाकून दिली जाते. तथापि समोरचा पक्ष खरा आहे की नाही, हे प्रकाशकण सांगत नाहीत. ती ओळख आधी पटवूनच घ्यावी लागते. जशी हुंडी सकारण्यापूर्वी पेढी सही ताडून पाहत असे.