गच्चीवरचे बंब आणि वीस टक्के घरे



कल्याणच्या नव्या इमारतींच्या गच्च्यांकडे एकदा मान वर करून पाहा. सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारे बंब तेथे ओळीने मांडलेले दिसतील. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने ते सक्तीचे केले आणि ती सक्ती अमलातही आणली. याचे श्रेय पालिकेला न देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु त्या गच्चीखाली राहावयाचे कोणी? संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत शहरांचे जे उद्दिष्ट ठरविले, त्याचे पहिलेच कलम सर्वांना सुरक्षित व परवडणारे घर हे आहे. हवा, कचरा, उद्याने ही त्यामागून येतात. आपल्या शासनानेही २०१३ साली नियम केला, आणि २०२० च्या नियमावलीत तो कायम ठेवला, की दहा लाखांवर वस्तीच्या शहरात ४००० चौरस मीटर वा अधिक भूखंडावर वसाहत उभारणाऱ्याने वीस टक्के घरे अल्प व अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधावीत आणि म्हाडाच्या सोडतीतून ती दिली जावीत. २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. म्हणजे नियम येथे लागू आहे. भूखंडाचे तुकडे पाडून तो चुकविला जातो अशा तक्रारी राज्यात झाल्या आहेत.

वालधुनीच्या काठच्या वस्त्या आठवा. २६ जुलै २००५ च्या पुरात त्यांच्या घरांत नदी शिरली. त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी योजनेतून या शहरात गरिबांसाठी इमारती बांधल्या गेल्या. पण त्यांतील कित्येक घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून राहिली! पुराच्या पाण्यात राहणारा माणूस आणि रिकामे घर एकाच नगरात असावे, याला नियोजन म्हणावयाचे काय?

ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ साली चवदार तळे खुले ठरविले. ठराव दप्तरात राहिला. बाबासाहेब आपल्या अनुयायांसह २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर गेले, तेव्हा कोठे आपल्या लोकांनी ते पाणी ओंजळीत घेतले.

तेव्हा वाचकहो, पालिकेच्या नगररचना विभागाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. २०१३ पासून ४००० चौरस मीटरवरील किती प्रकल्पांना मंजुरी दिली, त्यांतील वीस टक्क्यांची किती घरे म्हाडाला कळविली, आणि ती न कळविताच किती इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र दिले, हे तीनच प्रश्न विचारा. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात. बौद्धांना हे हक्क राज्याने पूर्वीच दिले, केंद्राने १९९० साली. मुलाच्या शाळेसाठी काढलेला जातीचा दाखला पेटीतून काढून ठेवा. सोडतीची जाहिरात आल्यावर तो शोधण्यात दिवस जातात, आणि अर्जाची मुदत थोडी असते.