तळाचे भाडे

रोहिणखेड हे गाव घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. खानदेशातून येऊन बालाघाटाच्या पठारावर चढणारी जुनी वाट येथूनच जाते, आणि म्हणूनच या लहानशा गावाच्या वाट्याला इतिहासातील दोन मोठ्या लढाया आल्या. १४३७ मध्ये बहामनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखानाचा येथे पराभव केला. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अहमदनगरच्या गादीचा निकाल बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांच्यात याच भूमीवर लागला. लढाई एका दिवसाची असते, तळ मात्र अनेक दिवसांचा. फौजा तळाचे भाडे देत नसत; चारा, जळण आणि धान्य यांच्या रूपाने ते भाडे गावच भरत असे. फौजांखेरीज बैलांचे तांडेही मीठ आणि धान्य घेऊन वऱ्हाडच्या वाटांनी फिरत. तेही पावसाळा सरल्यावर, वाटा वाळल्या की निघत. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि तांड्यांचे दिवस भरत आले. तेव्हापासून मुक्कामाचे घर बरोबर घेऊन फिरणारा प्रवासी आपल्या भागात दुर्मीळ झाला.

आता तो पुन्हा दिसू लागला आहे, मात्र बैलांऐवजी डिझेलवर. त्याच्या गाडीला कोणी मोटरहोम म्हणतो, कोणी कॅराव्हॅन. आत चार-सहा जणांची निजण्याची सोय, ओटा, शेगडी, शीतपेटी आणि शौचालय असते. आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांना ही गाडी विशेष भावावी यात नवल नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण, गाळून उकळलेले पाणी, कंदमुळे वर्ज्य असलेला स्वयंपाक या गोष्टी हॉटेलात प्रत्येक ठिकाणी समजावून सांगाव्या लागतात. स्वतःच्या ओट्यावर कोणालाच काही सांगावे लागत नाही. वृद्ध आई-वडिलांना रस्त्यावरची स्वच्छतागृहे शोधत हिंडावे लागत नाही, हा लाभ तर निराळाच. दिवाळीत पाडव्याचे वहीपूजन आटोपून लाभपंचमीला दुकान पुन्हा उघडेपर्यंत मिळणाऱ्या चार-पाच दिवसांत अशी गाडी चालकासह भाड्याने घेण्याचा बेत काही घरांतून होऊ लागला आहे.

बेत करताना गाडीचे भाडे विचारले जाते, डिझेलचा हिशेब होतो, चालकाचा भत्ता धरला जातो. रात्री गाडी उभी कोठे करायची आणि तिथे किती द्यायचे, हा प्रश्न मात्र वाटेत सुचतो. त्या वेळी उत्तर येते ते असे, की ज्या आवारात श्रावणात कोणी पाचशे रुपयेही मागितले नसते तेथे दिवाळीच्या आठवड्यात हॉटेलच्या खोलीचाच दर सांगितला जातो. ‘जागा तर आमच्या चाकांची, वर खोली तर नाही, मग एवढे पैसे कशाचे?’ हा उद्गार मी गेल्या दोन वर्षांत निरनिराळ्या घरांत ऐकला आहे. उद्गार स्वाभाविक आहे. पण व्यापाऱ्याच्या तोंडी तो शोभत नाही, असे माझे मत आहे.

तळाच्या भाड्यात काय विकले जाते ते आधी पाहावे. उभी राहण्यापुरती जमीन हा त्यातील लहान भाग. वऱ्हाडातील मे महिन्यात गाडीतील दीड टनाचे वातानुकूलन यंत्र रात्रभर चालले, तर तेवढ्यानेच दहा-बारा युनिट वीज सहज जाते, आणि ती वीज घरगुती दराची नसून व्यापारी दराची असते. टाकीत पाणी भरायचे, ओट्याचे सांडपाणी सोडायचे, शौचालयाची पेटी रिती करून धुवायची. यासाठी नळ, शोषखड्डा आणि मैलाटाकी लागते. मैलाटाकी उपसायला गाडी बोलवावी लागते. रात्री पहारेकरी लागतो. जमीन पक्की केली नसेल, तर एका अवकाळी पावसात सहा-सात टनांची गाडी चिखलात रुतते आणि ट्रॅक्टर शोधावा लागतो. ज्या मोकळ्या आवारात यांपैकी काहीच नाही, तेथे खोलीचा दर मागणारा माणूस चुकतो आहे, हे खरेच. परंतु ज्याने हे सारे उभे केले त्याचा हिशेब वेगळा आहे.

तो हिशेब आपल्याला जिनिंगच्या कारखान्यावरून सहज कळेल. खामगाव-मलकापूर भागातील जिन दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि वसंत सरता सरता थंडावते. यंत्रांचे कर्ज, विमा आणि पहारेकऱ्याचा पगार मात्र बाराही महिने चालतो. चार-पाच महिन्यांच्या रेचणीने वर्षाचा खर्च काढावा लागतो आणि तसा तो काढताना कोणत्याही जिनमालकाला आपण कोणाला लुबाडतो आहोत असे वाटत नाही. तळवाल्याचा हंगाम तर याहून आखूड.

समजा, एखाद्याने रस्त्यालगतच्या एक एकरात दहा गाड्यांचे तळ केले. पहारेकरी, कर्जाचा हप्ता, विजेचा स्थिर आकार, सफाई आणि दुरुस्ती मिळून वर्षाला नऊ लाख रुपये खर्च धरू. दिवाळीचे पंधरा, नाताळचे दहा आणि उन्हाळी सुटीचे पस्तीस असे साठ दिवस हंगाम. त्या दिवसांत दहापैकी आठ तळ भरले, तर ४८० मुक्काम होतात. उरलेल्या ३०५ दिवसांत दहापैकी एकच तळ भरला, तर ३०५ मुक्काम. बिगरहंगामात ग्राहक सहाशेपेक्षा अधिक देणार नाही असे धरले, तर त्यातून १,८३,००० रुपये येतात. राहिलेले ७,१७,००० रुपये ४८० मुक्कामांतून काढायचे, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ पंधराशे. हंगामाचा दर अडीचपट झाला आणि मालकाच्या गाठीला अजून एक रुपयाही नफा पडलेला नाही. आकडे माझे कल्पिलेले आहेत. वाचकांनी स्वतःचे घालून पाहावेत. अडीचपटीची दुप्पट होईल किंवा तिप्पट, पण वर्षभर एकच दर ठेवून हा धंदा तगेल असे उत्तर सहजासहजी येणार नाही. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी राखीला कोण विचारतो, आणि आदल्या दिवशी तिचा भाव कोण पाडतो? सैलानीच्या यात्रेत किंवा देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत दुकान मांडणाऱ्याला दहा फूट जागेची त्या दिवसांतली किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

हंगामात दर चढूच द्यायचा नाही, असाही एक मार्ग जगात आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी हे राष्ट्रीय उद्यान आहे. बे एरियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा तो हमखास मुक्काम. तेथील दरीतील प्रसिद्ध सरकारी तळांचा दर अलीकडच्या काही वर्षांत रात्रीला ३६ डॉलर राहिला आहे. एका तळावर सहा माणसे राहू शकतात आणि ऐन उन्हाळ्यातही तेवढेच पैसे. ऐकायला फार न्याय्य वाटते. पण आरक्षण कित्येक महिने आधी, ठरलेल्या तारखेला सकाळी सात वाजता उघडते आणि उन्हाळ्यातील तळ काही मिनिटांत संपतात. एकाच घरातील चौघे चार संगणकांपुढे बसलेले असतात. म्हणजे पैशाने चढणारा भाव तेथे प्रतीक्षेने आणि नशिबाने चढतो. ज्याला पाच महिने आधी सुटीची तारीख ठाऊक असते, त्या नोकरदाराला ही पद्धत सोयीची. कोणत्या आठवड्यात माल येईल आणि कोणत्या दिवशी वसुली हाती पडेल हे ज्याला पंधरा दिवस आधीही सांगता येत नाही, त्या व्यापाऱ्याला ती नेहमीच महाग पडेल.

युरोपने तिसरी युक्ती काढली. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुटी कायद्याने मिळाली आणि उन्हाळ्यात तंबू घेऊन समुद्राकडे धावणाऱ्यांची संख्या वाढली. जुलै-ऑगस्टची तेथील गर्दी आजही हटलेली नाही. ती वाटून घेण्यासाठी जर्मनीतील राज्ये शाळांच्या उन्हाळी सुट्या मुद्दाम वेगवेगळ्या तारखांना ठेवतात. दुसरीकडे, एसीएसआय या डच संस्थेचे सवलतपत्र जवळ असेल, तर हंगामाबाहेर सहभागी तळांवर ठरलेल्या उतरत्या दराने राहता येते. ऐन हंगामात मात्र ते पत्र चालत नाही. निवृत्त जोडपी सप्टेंबरात निघतात, शाळकरी मुलांचे आई-वडील ऑगस्टचा दर मोजतात.

या तारखांच्या खेळात वऱ्हाडातील कुटुंबाच्या हाती एक हुकमाचे पान आहे आणि ते फारसे कोणी खेळत नाही. उन्हाच्या कडाक्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. २०२४ मध्ये राज्यात अन्यत्र १५ जूनला आणि विदर्भात १ जुलैला शाळा सुरू झाल्या. २०२५ मध्ये १६ जून आणि २३ जून अशा तारखा होत्या. पुण्या-मुंबईची मुले दप्तर घेऊन वर्गात बसली, की आपल्याकडच्या मुलांची सुटी अजून शिल्लक असते. कोकणात तेव्हा पाऊस असतो, हे मान्य. पण सह्याद्रीच्या पूर्वेकडील बऱ्याच ठिकाणी गर्दी ओसरलेली असते आणि भावही. बी-बियाणे आणि खते विकणाऱ्यांना जूनमध्ये मान वर करता येत नाही, त्यांना हे पान उपयोगाचे नाही. कापडवाले, भांडीवाले आणि सराफ यांनी विचार करावा. लग्नसराई संपलेली असते आणि श्रावणातील खरेदीला अवकाश असतो.

महाराष्ट्रात तळाचा दर इतका अधांतरी का, याचे कारण सोपे आहे. दर ठरायला बाजार लागतो आणि बाजार अजून भरलेलाच नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्या आणि त्यांचे तळ या दोहोंचा विचार त्यात आहे. केरळनेही त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले आणि तळासाठी किमान पन्नास सेंट, म्हणजे आपल्या मापाने सुमारे वीस गुंठे जमीन आणि किमान पाच गाड्यांची सोय अशी अट घातली. धोरणे आली, तरी आपल्या जिल्ह्यात अजून हॉटेलचे आवार, ढाब्यामागची जागा किंवा पेट्रोल पंपाचा कोपरा हाच तळ समजला जातो. लोणारचे सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत गेले, शेगावला वर्षभर राबता असतो, अजिंठा हाकेच्या अंतरावर. अजिंठ्याला तर खाजगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवाव्या लागतात आणि पुढे बसने जावे लागते. दिवसा गाडी ठेवायची ती जागा. तिला रात्रीचा तळ समजून कोणी गेल्यास निराशा होईल.

बाजार नसला, की विकणारा हाताशी असलेला दर सांगतो, आणि हॉटेलवाल्याच्या हाताशी खोलीचा दर असतो. खरा वाद मला येथे घालावासा वाटतो. हंगामात अडीचपट मागा. पण माणशी पॅकेजमध्ये रात्रीचे जेवण, शेकोटी आणि गाण्यांचा कार्यक्रम सक्तीने कशासाठी? ज्या कुटुंबाने सूर्य मावळण्यापूर्वी स्वतःच्या ओट्यावर जेवण उरकले आहे, ते रात्री नऊच्या थाळीचे पैसे सहा माणसांचे सहा वेळा का भरील? गाडीमागे एक दर, विजेचे मीटरप्रमाणे, मैलापेटी रिती करण्याचे वेगळे, अशी फोड करून मागितली, की निम्मे वाद मिटतात. फोनवर बयाणा पाठवण्यापूर्वी ती मागावी आणि लिखित स्वरूपात घ्यावी. पावतीही घ्यावी. वस्तू व सेवा कराच्या अधिसूचनेत हॉटेल आणि अतिथिगृहाच्या पंगतीत तळांचाही, म्हणजे कॅम्पसाइटचाही, नावाने उल्लेख आहे. १८ जुलै २०२२ पासून हजार रुपयांच्या आतील मुक्कामाची करमाफी गेली. तेव्हा बारा टक्के असलेला हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून, साडेसात हजारांपर्यंतच्या मुक्कामाला, पाच टक्के झाला आहे. जुना दर लावणारे बिल आले, तर हसतमुखाने परत करावे.

त्याच करकायद्यात एक तरतूद आपल्या संस्थांच्या विश्वस्तांनी आपल्या कर सल्लागाराकडून नीट समजून घेण्याजोगी आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या धार्मिक स्थळाच्या आवारातील भाड्याला, नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या बाबतीत, काही मर्यादेपर्यंत माफी आहे. खोलीसाठी ती मर्यादा दिवसाला एक हजार रुपयांच्या आत आणि मोकळ्या जागेसाठी दहा हजारांच्या आत अशी आहे. आपल्या किती तरी धर्मशाळांना मागे प्रशस्त पटांगण आहे, बोअरचे पाणी आहे, रात्रपाळीचा माणूस आहे. भिंतीलगत चार विजेच्या जोडण्या आणि एक मैलाटाकी केली, तर चार गाड्यांचा तळ होतो. खोल्या भरल्या म्हणून परत जाणारे कुटुंब स्वतःचीच खोली घेऊन आलेले असेल, तर त्याला फक्त जागा हवी असते.

येथे दर मात्र बारा महिने एकच ठेवावा लागेल, आणि मग योसेमिटीसारखी झुंबड दिवाळीत उडेल. जुन्या धर्मशाळांनी तिच्यावर फार पूर्वी तोडगा काढून ठेवला आहे. दारावरच्या पाटीवर यात्रेकरूस तीन दिवसांपेक्षा अधिक राहता येणार नाही असे लिहिलेले असे. गर्दीच्या पंधरवड्यात तीनांचा एक करावा आणि निम्मे तळ आरक्षणाविना, आधी येईल त्याला, असे राखावेत. ज्याला शटर ओढल्यावरच सुटी कळते, त्यालाही मग संध्याकाळी सहाला फाटकात गाडी वळवता येईल.